मोरीचं पाणी आणि कर्दळीची मुळं: मुंबईतल्या सोसायटीत छोटी पाणथळ कशी रचावी

मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असा एक वाफा आहे. वरून पाहिलं तर कर्दळीची साधी रांग दिसते. लाल-पिवळी फुलं, खाली खडी, पाणी कुठेच नाही. पण त्या खडीखाली रोज बारा जणांच्या आंघोळीचं पाणी शिरतं, तीन दिवस मुळांमधून हळूहळू सरकतं आणि दुसऱ्या टोकाच्या नळीतून बिनवासाचं, जवळपास नितळ होऊन बाहेर पडतं. पंप नाही, वीज नाही. ते पाणी बागेला जातं.

हा वाफा म्हणजे माणसाने रचलेली लहानशी पाणथळ जागा. तो करायला अवघड नाही, पण फसतो मात्र सहज, आणि एकाच समजुतीमुळे फसतो: झाडं घाण पितात, म्हणून झाडं लावली की काम झालं. झाड घाणीचा थोडाच वाटा पितं. बरंचसं काम त्याच्या मुळांवर आणि खडीवर वाढणारे जीवाणू करतात. झाड त्यांना घर देतं आणि श्वास देतं. हे एकदा मनात बसलं की पुढचं प्रत्येक माप, प्रत्येक निर्णय आपोआप समजतो. म्हणून खोदकामाला हात घालण्याआधी एक सकाळ खाडीकाठी घालवा.

आधी खाडीकाठी दोन तास

ऐरोली पूल ओलांडला की किनारी व सागरी जैवविविधता केंद्र लागतं. तिथे खारफुटीत शिरणारी लाकडी पायवाट आहे. मुंबईच्या मध्यात राहणाऱ्यांना मिठी नदीकाठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान जवळ पडेल. 37 एकरांचं हे हिरवं रान जुन्या कचराभूमीवर उभं आहे. कुठेही जा, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून ओहोटीलाच जा. चिखल उघडा पडला तरच मुळं दिसतात.

ठाण्याच्या खाडीत सगळ्यात जास्त दिसेल ते तिवर. कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी हीसुद्धा आहेत. पांढरी चिप्पी तर 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. पण या खाडीत राज्य तिवराचंच. त्याचं कारण बघण्यासारखं आहे. मीठ, गाळ आणि शहराचं सांडपाणी हे तिन्ही एकदम सोसणारी झाडं थोडी, आणि तिवर त्यात पुढे. उन्हाच्या दिवशी तिवराच्या पानावर बोट फिरवा, बोटाला मिठाचे बारीक कण लागतील. मुळांनी शोषलेलं जास्तीचं मीठ हे झाड पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कांदळाची रीत वेगळी, तो बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो.

आता खाली वाका. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो टोकं वर आलेली दिसतील. ही श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड उघड्या टोकांवरच्या बारीक रंध्रांतून हवा आत घेतं आणि पोकळ, स्पंजासारख्या पेशींतून खालच्या मुळांपर्यंत पोचवतं. त्यातली थोडी हवा मुळांतून आजूबाजूच्या चिखलात झिरपते. कुठे कड कोसळून चिखलाचा ताजा काप उघडा पडला असेल तर तिथे थांबून नीट पाहा. सगळा चिखल काळाकुट्ट, आणि प्रत्येक बारीक मुळाभोवती मात्र गंजाच्या रंगाचं नारिंगी वेटोळं. तो खरोखरचा गंजच आहे. मुळातून निघालेल्या हवेने चिखलातलं लोह गंजतं आणि मुळावर लेप बसतो. या लेपात फॉस्फरस आणि काही जड धातू अडकतात. काळ्या चिखलातलं गंधक उरलेले धातू धरून ठेवतं. शिसं, जस्त यांसारखे धातू झाडात शिरलेच तरी बहुतांशी मुळांतच राहतात, पानांपर्यंत फार थोडे चढतात. तोच चिखल उपसून वर टाकला की हवा लागते आणि धरून ठेवलेलं सुटू लागतं. खारफुटीत खोदकाम करणं यासाठीही वाईट.

झाडं कुठे हरतात तेही याच फेरीत बघून घ्या. श्वसनमुळांवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा थर बसला की खालची मुळं गुदमरतात. डेब्रिजचा भराव पडून भरतीचं पाणी आत येणं किंवा बाहेर जाणं बंद झालं की तिवराचा अख्खा पट्टा उभ्याउभ्या वाळतो. त्याला कुऱ्हाड लावावी लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये खारफुटी तोडण्यावर आणि तिच्याभोवतीच्या 50 मीटरांत भराव-बांधकामावर बंदी घातली, ती काही उगाच नव्हे. त्याच वर्षी 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मिठीचं पाणी कुठवर चढलं हे मुंबईत कोणाला सांगावं लागत नाही.

एक चक्कर पवईलाही मारा. 1891 मध्ये बांधलेल्या या तलावावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. लोक जलपर्णीला दोष देतात. ती तर फक्त सांगते आहे की इथे सांडपाणी येतंय, नत्र-फॉस्फरसची मेजवानी आहे. ती काढून काठावर ढीग केला आणि ढीग तिथेच कुजला, तर त्यातलं सगळं पहिल्या पावसात परत तलावात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, छाटणीच्या वेळी लागेल.

खाडीकडून आपण तीन गोष्टी घेऊन घरी यायचं. पाणी संथ हवं. मुळांना श्वास हवा. वाट तुंबता कामा नये.

कोणतं पाणी घ्यायचं

फक्त आंघोळीचं आणि बेसिनचं. पहिल्या वर्षी याच्या पलीकडे जाऊ नका.

संडासाच्या पाण्याला हात लावायचा नाही, त्यासाठी वेगळी, मोठी आणि तज्ज्ञांनी आखलेली यंत्रणा लागते. स्वयंपाकघरातलं पाणीही नको. त्यातलं तेल आणि भाताचे कण खडीची भोकं दोन महिन्यांत बुजवतात. कपडे धुण्याच्या पाण्यात सोडा आणि क्षार फार असतात. वाफा चांगला रुळल्यावर त्यातलं थोडं मिसळून पाहता येईल.

मुंबईच्या जुन्या इमारतींचं एक बरं असतं. हाऊस गल्लीत, म्हणजे इमारतींमधल्या अरुंद बोळात, उभे पाइप दोन असतात, एक संडासाचा आणि एक मोऱ्यांचा. मोऱ्यांचा पाइप जिथे खालच्या चेंबरमध्ये उतरतो तिथूनच आपलं पाणी घ्यायचं. ओळखता येत नसेल तर वरच्या मजल्यावरच्या कोणाला तरी मोरीत बादलीभर हळदीचं पाणी ओतायला सांगा आणि खाली उभं राहून पाहा. आम्ही असंच केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हळद इतकी सढळ हाताने टाकली की शंकेला जागाच राहिली नाही. पण मोऱ्यांच्या पाइपला स्वयंपाकघराची जोडणी आहे का, हे प्लंबरकडून नक्की करून घ्या. असेल तर दुसरा पाइप शोधा.

पाइपला हात लावण्याआधी मॅनेजिंग कमिटीची लेखी परवानगी घ्या आणि काम परवानाधारक प्लंबरकडूनच करवून घ्या. जुनी वाट बंद करायची नाही. एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक व्हॉल्व्ह बसवून दोन वाटा ठेवायच्या, वाफ्याकडची आणि गटाराकडची. पावसाळ्यात आणि दुरुस्तीच्या वेळी हाच व्हॉल्व्ह तुम्हाला वाचवतो.

मोजमाप

सगळा हिशेब एका प्रश्नावर उभा आहे: पाणी आत किती दिवस राहील? मुंबईच्या उबदार हवेत आंघोळीच्या पाण्याला तीन दिवस ठीक.

बादलीने आंघोळ केली तर एका माणसाचं 20 ते 25 लिटर पाणी होतं. बारा माणसांचं धरा 300 लिटर. तीन दिवसांचं 900 लिटर. आता खडीने भरलेल्या खड्ड्यात पाण्याला जागा किती? खड्यांमधली पोकळी साधारण 40 टक्के. म्हणजे 900 लिटर मावायला 2,250 लिटरची, अर्थात सव्वादोन घनमीटर जागा हवी. पाण्याची खोली अर्धा मीटर ठेवली तर क्षेत्रफळ येतं साडेचार चौरस मीटर. तीन बाय दीड. लांबी रुंदीच्या दुप्पट असली की पाणी आडवाटेने पळत नाही.

शॉवरवाली घरं असतील तर माणशी पाणी कितीतरी जास्त धरावं लागेल. अंदाजावर जाऊ नका. आठवडाभर सकाळी पाइपखाली पिंप लावून प्रत्यक्ष मोजा. पाणी जास्त निघालं तर वाफा मोठा करा किंवा पाणी कमी घ्या. लहान वाफ्यात जास्त पाणी कोंबणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर.

खडीचा थर 60 सेंटिमीटरचा, म्हणजे 2.7 घनमीटर. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. थोडक्यात, एक ब्रास खडीत काम भागतं. वजन मात्र लक्षात घ्या, खडी चार टन आणि पाणी जवळपास एक टन. हा वाफा जमिनीवरच करायचा. गच्ची किंवा पोडियम असला भार पेलायला बांधलेलं नसतं. तिथे करायची इच्छा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरची लेखी संमती घ्या.

जागा आणि वेळ

ऊन हवं, निदान चार-पाच तास. कर्दळ सावलीत नुसती उंच होते, मुळं धरत नाही. इमारतीच्या पायापासून दोन मीटर तरी दूर राहा. पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी जवळ असेल तर ती जागाच सोडा.

खोदकाम जानेवारी-फेब्रुवारीत करावं. जमिनीतलं पाणी तेव्हा खाली गेलेलं असतं, लागवड मार्चपर्यंत होते आणि जूनच्या आत मुळांना तीन महिने मिळतात. खाडीकाठच्या वस्त्यांत पावसाळ्यात हातभर खणलं तरी पाणी लागतं. असा खड्डा प्लॅस्टिकचा कागद घालून रिकामा ठेवला तर खालून पाणी चढून कागद फुग्यासारखा वर येतो.

खड्डा, कागद, खडी

खड्डा 70 सेंटिमीटर खोल. तळाला आत येणाऱ्या टोकाकडून बाहेर जाणाऱ्या टोकाकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार, म्हणजे तीन मीटरमध्ये तीनच सेंटिमीटर. हा डोळ्याने कळत नाही, गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल नळी लावूनच घ्यावा. वरची कड मात्र चारही बाजूंनी एका पातळीत.

तळातले टोकदार दगड, काचा, मुळं वेचून दोन बोटं वाळू पसरा. त्यावर शेततळ्याला घालतात तो 500 मायक्रॉनचा कागद. आपल्या मापाला 5 बाय साडेतीन मीटरचा एकसंध तुकडा लागतो. जोड असलेला घेऊ नका. कोपरे कापायचे नाहीत, पाकिटासारखे दुमडायचे. बाहेर जाणाऱ्या टोकाला, तळापासून पाच सेंटिमीटरवर, कागदाला एकच भोक पाडून टँक निप्पल (टाकीतून नळी बाहेर काढायचा आटेदार जोड) बसवायचं, दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर लावून. मग खडी टाकण्याआधी पाणी भरून एक रात्र ठेवा आणि सकाळी पातळी मोजा. गळती आज सापडली तर दहा मिनिटांचं काम. खडी पडल्यावर सापडली तर चार टन उपसा.

दोन्ही टोकांना 30-30 सेंटिमीटर पट्ट्यात मुठीएवढे दगड भरा. आतल्या टोकाच्या दगडांत, वरच्या अंगाला, रुंदीभर आडवा पीव्हीसी पाइप ठेवा. त्याला खालच्या बाजूने दर दहा सेंटिमीटरवर बोट जाईल एवढी भोकं पाडा. बाहेरच्या टोकालाही तसाच भोकांचा पाइप, पण तळाशी, आणि तो टँक निप्पलला जोडलेला. मधल्या भागात अर्ध्या ते पाऊण इंची खडी.

खडी धुऊन घ्या. ही ओळ मी ठळक शाईत लिहिली असती, कारण पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. ट्रक संध्याकाळी उशिरा आला, मजुरांना घाई, पाण्याची वेळ संपलेली. खडी तशीच ओतली. दगडाची भुकटी पाण्याबरोबर वाहत गेली आणि आतल्या टोकापासून हातभर अंतरावर तिची भिंत तयार झाली. ऑगस्टमध्ये पाणी खडीवर उभं राहायला लागलं, त्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या आणि सोसायटीत माझ्यामुळे लहान मुलांना ताप येईल की काय या विचाराने मला झोप लागेना. दुसऱ्याच दिवशी पाणी गटाराकडे वळवलं. पुढच्या जानेवारीत अर्धी खडी काढून, चाळणीवर धुऊन, परत भरली. तेव्हा लोखंडी चाळणीवर खडी घ्या, नळीने पाणी मारा, खालचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम आहे.

बाहेर, टँक निप्पलच्या पुढे, छोटं चेंबर बांधून त्यात एल्बो (काटकोनी जोड) आणि उभी नळी बसवा. ही नळी फिरवून तिरकी केली की वाफ्यातली पातळी खाली येते, सरळ केली की वर चढते. सगळ्या वाफ्याचा लगाम या एका एल्बोत आहे, म्हणून त्याला सोल्युशन लावून कायमचा चिकटवू नका. पातळी नेहमी खडीच्या पृष्ठभागाच्या पाच ते दहा सेंटिमीटर खाली. पाणी आत थांबलं पाहिजे, पण दिसता कामा नये. डेंग्यूचा एडिस डास उघड्या, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. खडीखालच्या पाण्यापर्यंत तो पोचत नाही. चेंबरला घट्ट झाकण, पिंपांना घट्ट झाकण आणि झाकणाखाली मच्छरदाणीची जाळी. यात सूट नाही.

वाफ्याच्या आधी 200 लिटरची दोन निळी पिंपं एकापुढे एक ठेवा. पाणी पहिल्यात शिरतं तिथे नायलॉनची जाळी लावा. केस, साबणाचे तुकडे, शांपूच्या पुड्या इथेच अडकतात. जड गाळ पिंपाच्या तळाशी बसतो. पहिल्या पिंपातलं पाणी दुसऱ्यात जाताना वरून नाही, मधून गेलं पाहिजे. म्हणून आतून खाली वळलेला एल्बो लावा, म्हणजे तरंगणारा साबणाचा थर मागेच राहतो.

लागवड

कर्दळ हीच पहिली पसंती. मुंबईच्या कुठल्याही बागेत मिळते, गड्डा तोडून लावला की रुजते, मुळांचं जाळं दाट, आणि कमिटीला फुलं आवडतात. हे शेवटचं कारण हलकं समजू नका, सुंदर दिसणाऱ्या वाफ्याला कोणी विरोध करत नाही. बाहेरच्या टोकाला थोडं वेखंड लावा. पाणकणीस आणि देवनळ कामाला दणकट, पण ती दोन्ही सगळी जागा बळकावतात आणि देवनळाचे कोंब टोकदार असतात. लहान वाफ्यात मी ती घेत नाही. अळू उत्तम वाढतं, पण कोणीतरी एक दिवस त्याची पानं खुडून फदफदं करणार, म्हणून नकोच. जलपर्णी चुकूनही नको.

रोपं नर्सरीतून किंवा शेजारच्या बागेतून आणा, तलावाकाठून किंवा खाडीकाठून उपटून आणू नका. खारफुटी इथे लावायचा विचारही सोडून द्या, तिला भरती-ओहोटीच हवी.

गड्डे 30 सेंटिमीटर अंतरावर लावले तर पन्नास लागतात. माती धुऊन टाका, दोन डोळे असलेला तुकडा घ्या, खडी हाताने बाजूला करून पाण्याला टेकेल इतक्या खोल बसवा. वर माती, कोकोपीट, शेणखत काहीही टाकायचं नाही, ते खाली जाऊन वाट बुजवतं.

पाणी सुरू करणं

पहिले दोन आठवडे वाफ्यात साधं पाणी भरून ठेवा. त्यात खाऊ म्हणून रोज बादलीभर मोरीचं पाणी. नवे कोंब दिसले की निम्मं पाणी वळवा, महिन्याने पूर्ण. जीवाणूंचा लेप खडीवर नीट बसायला दोन-तीन महिने जातात. तोवर बाहेर येणारं पाणी गढूळ दिसेल, थोडा वासही येईल. धीर धरायचा.

मुळं खाली उतरावीत म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एल्बो थोडा थोडा कलता करून पातळी आठवड्याला दोन-तीन सेंटिमीटर खाली न्या, 30 सेंटिमीटरपर्यंत. मग पुन्हा वर आणा. मुळं पाण्याच्या मागे जातात. हे केलं नाही तर ती वरच्या वीतभर थरातच पसरतात आणि निम्मा वाफा नुसता दगडांचा राहतो.

याच काळात वरच्या घरांशी बोलायचं. मोरीत ॲसिड, फिनाइल, ब्लीच ओतलं की जीवाणू मरतात. बाथरूम घासायची बंदी कोण घालणार, आणि का घालावी? आम्ही ठरवलं ते असं: रविवारी सकाळी सगळ्यांनी बाथरूम धुवायचं आणि त्या दिवशी व्हॉल्व्ह गटाराकडे. जिन्यात पाटी लावून काही झालं नाही. ज्या दिवशी आजी-आजोबांना आणि मुलांना खाली बोलावून एक कर्दळ उपटून तिची पांढरी मुळं आणि त्यांवरचा बुळबुळीत लेप हाताला लावून दाखवला, त्या दिवसापासून घराघरांतून आठवण केली जाऊ लागली.

पावसाळा

मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये सुमारे 2,200 मिलिमीटर पाऊस पडतो. एका दिवसात 100 मिलिमीटर पडला तर साडेचार चौरस मीटरच्या वाफ्यावर 450 लिटर पाणी येतं, म्हणजे मोरीच्या दिवसभराच्या पाण्याच्या दीडपट. म्हणून वाफ्याची कड अंगणापेक्षा वीतभर उंच बांधा, नाहीतर सगळं अंगण त्यात उतरेल. जोराच्या पावसात व्हॉल्व्ह गटाराकडे करा आणि एल्बो सर्वांत खालच्या पातळीला. बागेला तसंही पाणी नको असतं.

पानं वाचायला शिका

झाड बोलतं, पण हळू. जुनी, खालची पानं पिवळी पडली तर नत्र कमी पडतंय. नुसत्या आंघोळीच्या पाण्यात तसं होऊ शकतं, काळजीचं नाही. नवी पानं फिकी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, साबणामुळे पाणी अल्कधर्मी झालं की लोह असूनही मुळांना घेता येत नाही. पानांच्या कडा करपल्या तर क्षार वाढले. कोणीतरी कपड्यांच्या मशीनची नळी मोरीत सोडली असेल, जाऊन बघा. दोन दिवस साधं पाणी सोडलं की वाफा धुऊन निघतो.

सडक्या अंड्याचा वास आला आणि उपटलेली मुळं काळी निघाली तर आतली हवा संपली आहे. पाणी जास्त येतंय किंवा वाट तुंबली आहे. पाणी चार दिवस बंद करा, पातळी तळाला न्या, खडीत हवा शिरू द्या. खाडीत ओहोटी दिवसातून दोनदा हेच करत असते. वाफा निरोगी असतानाही मी महिन्यातून एकदा पातळी एका दिवसासाठी खाली नेतो आणि परत वर आणतो. मुळांना त्याने फरक पडतो, नव्या कोंबांवरून कळतं.

पानं गुंडाळणारी अळी पावसाळ्यात येते. गुंडाळी उलगडून हाताने वेचा. फवारणी नको, खाली आपलंच जीवाणूंचं घर आहे.

छाटणी

फूल देऊन झालेला दांडा जमिनीलगत कापायचा. एका वेळी एक तृतीयांश, दीड-दोन महिन्यांच्या अंतराने. नत्राचा काही भाग जीवाणू वायू करून हवेत सोडतात. फॉस्फरस मात्र कुठेच उडून जात नाही. तो खडीला चिकटतो किंवा झाडात चढतो, आणि वाफ्याबाहेर जायची त्याची पक्की वाट म्हणजे तुमचा कोयता. कापलेली पानं वाफ्यावर पडू देऊ नका. पवईच्या काठावरचा जलपर्णीचा ढीग आठवा. कंपोस्टच्या खड्ड्यात नेऊन टाका, ते खत फुलझाडांना घाला.

जाळी दर दोन दिवसांनी झटका. पिंपाचा गाळ पंधरवड्याला काढा.

पाणी तपासणं आणि वापरणं

काचेच्या सारख्या दोन बाटल्या घ्या. एकीत वाफ्यात जाणारं पाणी, दुसरीत बाहेर आलेलं. मागे वर्तमानपत्र धरून अक्षरं वाचता येतात का पाहा. मग दोन्ही काठोकाठ भरून, बूच लावून, अंधाऱ्या कपाटात चार दिवस ठेवा. उघडल्यावर पहिलीला नक्की घाण वास येईल. दुसरीला आला नाही तर वाफा काम करतोय, कारण कुजायला त्यात फारसं काही उरलेलंच नाही. प्रयोगशाळेतली बीओडी चाचणी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात ते मोजणारी) याच कल्पनेवर चालते. आपल्याकडे ती 27 अंशांना तीन दिवस करतात. वर्षातून एकदा ती प्रयोगशाळेतून करून घ्या आणि कागद कमिटीच्या फाइलला लावा.

पाणी नितळ दिसलं तरी त्यात जंतू असतात. प्यायला नाही, खेळायला नाही, पाणी फवारून शिंपायचं नाही, पालेभाजीला तर मुळीच नाही. अंगण धुवायलाही नाही. फुलझाडांना, नारळाला, आंब्याला द्यायचं, मुळाशी नळीने सोडून. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत 300 लिटरने सुमारे 72,000 लिटर होतात. दहा हजार लिटरचे सात टँकर. एप्रिल-मेमध्ये टँकरवाल्याला फोन लावलेल्या कोणालाही हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

चार-पाच वर्षांनी आतल्या टोकाकडे पाणी चढायला लागेल. तिथली दीड-दोन फुटांची खडी जानेवारीत काढायची, धुऊन परत टाकायची. दाट झालेले गड्डे तेव्हाच उपटून विरळ करायचे. मुळांना चिकटून वर आलेले खडे एकेक करून सोडवताना त्यांच्याकडे लक्ष द्या. मुळाला टेकलेल्या अंगाला कधी कधी नारिंगी डाग दिसतो, ऐरोलीच्या चिखलात तिवराच्या मुळाभोवती होता तसा.